बरगडी नव्हे, अख्खी बाजू

—नाही गं थेओफानो, लग्नाच्या मुकुटांचा प्रश्नच नाही, मुकुट तयार आहेत, हे बघ, दोन्ही, मेणाच्या कळ्या जागच्या जागी, दोघांना जोडणारी मधली फीत तेवढी बांधायची राहिलीय, ते पाच मिनिटांचं काम—प्रश्न तू दुसरं जे मागतेयस त्याचा आहे. बस आधी. उन्हाची आलीस, ही संत्र्याची पाकातली साल खा चमचाभर, वर गार पाणी पी, मग बोल. पोरीला खाली गाडीत कशाला ठेवलीस? वर आणायची की. बरं, येत नाही म्हणते. बरं, बसू दे. दिसतेय मला इथून, काचा वर करून बसलीय, जुलैच्या उन्हात. म्हणजे तुझं म्हणणं, मी खाली जावं नाहीतर तिला वर बोलवावं आणि ते सांगावं. "बाईंचं बरगडीचं." असंच म्हणतात ना सगळ्या बेटावर? मुकुट न्यायला आलेल्या प्रत्येक नवरीला मी ते सांगते आणि नवरी डोळे पुसत, हसत घरी जाते, तशी तुझी अँथूला पण जाईल, आणि रविवारचं लग्न रविवारी लागेल. असंच ना?

तुला तर पाठ आहे ते. तू माझ्या वर्गातली, जुन्या ग्रीकमध्ये तुझ्याइतके गुण माझ्या तीस वर्षांत कुणी घेतले नाहीत, आणि लग्न करून हॉटेलच्या चादरी मोजत बसलीस—असू दे, तो विषय नाही. मी काय सांगायचे? की पोरी, देवानं आदमची एक बरगडी काढली आणि तिची बाई केली, हे तुला शाळेत सांगितलं ना, ते विसर. आपल्या जुन्या ग्रीक शास्त्रात शब्द आहे प्लेव्रा. प्लेव्रा म्हणजे नुसतं हाड नव्हे, प्लेव्रा म्हणजे बाजू. जहाजाची बाजू, डोंगराची बाजू, देवाच्या वेदीची बाजू, तिथं हाच शब्द. क्रूसावर येशूला भाला कुठं मारला? ह्याच शब्दात मारला. म्हणजे एक सुटं हाड उचलून बाई नाही केली, माणसाची अख्खी बाजू काढून केली. आणि "केली" तरी कुठं म्हटलंय, "बांधली" म्हटलंय, घर बांधतात तशी बांधली. आणि मदतनीस म्हणून दिली म्हणतात, त्यावर पुरुष मिशीत हसतात—तर तो शब्द काढून बघा म्हणावं, स्तोत्रांमध्ये तोच शब्द देवासाठी आहे, देव माझा मदतनीस, तिथं नाही कुणी हसत. हे मी सांगायचे, आणि बरोबर हात दाखवायचे, असा—काखेपासून कमरेपर्यंत, कुशीवर पसरून—एक हाड नव्हे बाळा, हे सगळं. नवऱ्या काय खूष व्हायच्या. आपले पाद्रीबाबासुद्धा आता लग्नात तेच सांगतात, माझं नाव न घेता. घेऊ नका म्हणावं. बरंच आहे.

खोटं नाहीये गं ते. तेच तर. खोटं असतं तर मी कधीच तोंड मिटलं असतं. रात्र रात्र कोश घेऊन बसून काढलंय मी ते, नवरा म्हणायचा, एरास्मिया, शब्द खाऊन पोट भरत नाही—त्याला दाखवायचं होतं मला, सगळ्यांना दाखवायचं होतं, की आपल्याला कुणी उरल्यासुरल्या हाडातून नाही बनवलं. अक्षर न् अक्षर खरं आहे. पण...

तू सांग ना, झालंय काय दोघांचं? भांडण. हो, सगळ्यांचीच होतात. मुलगा चांगला आहे, दोन होड्या आहेत पाहुण्यांना फिरवायच्या, आई चर्चमध्ये मेणबत्त्या लावते, सगळं मला ठाऊक आहे, आपल्या बेटावर कुणाच्या घरी काय शिजतंय ते पायरीवर बसून कळतं. तसंच हेही कळलं की तू गुरुवारी शिंपिणीकडे जाऊन झग्याला बाह्या लावायला सांगितल्यास. लांब. मनगटापर्यंत. बिनबाह्यांचा शिवला होता ना झगा? तिनं स्वतः कापड निवडलं होतं, मला दाखवायला आणलं होतं, इथं ह्या खोलीत अंगाला लावून फिरली होती. मग जुलैत बाह्या कुणाला सुचल्या? तिला? माझ्याकडे बघ. बरं, नको बघूस. पाक खा.

मी तुला बोलत नाहीये. मी कोण तुला बोलणार. माझीच पोर बघ, पोलिक्सेनी. तुम्ही सगळे काय समजता, तिला ऑस्ट्रेलियात चांगली नोकरी लागली, म्हणून गेली? मीच सांगितलंय तसं. बाजारात, चर्चच्या दारात, सगळ्यांना तेच. नोकरी आता आहे तिला, पण गेली ती नोकरीसाठी नाही.

तिच्या लग्नात काय झालं आठवतं तुला? तू होतीस. ते शास्त्रातलं वाचन येतं ना—बायकोनं नवऱ्याचं भय धरावं—तेव्हा नवरी नवऱ्याच्या पायावर पाय देते आणि सगळे हसतात, आपल्या आज्यांपासूनची गंमत आहे. मी तिला आदल्या दिवशी बजावलं होतं, तू असलं काही करायचं नाहीस, तू शिकलेल्या आईची मुलगी, तू त्याची बाजू आहेस, त्याच्यावरच पाय देऊन काय सिद्ध करायचंय. तिनं ऐकलं. तिनं माझं नेहमी ऐकलं. आणि पाय दिला कुणी? त्यानं दिला. स्तामातिसनं. नव्या बुटानं, चांगला जोर देऊन, तिच्या पांढऱ्या सँडलवर टाचेचा काळा ठसा उठला. चर्च हसलं. तू पण हसलीस. मी पण हसले गं, मी तर सगळ्यांत मोठ्यानं हसले, म्हटलं जावई विनोदी आहे.

मग दोन वर्षांनी, ईस्टरआधीच्या उपासांच्या पहिल्या आठवड्यात, सकाळच्या बोटीनं एकटी आली. हातात एक लहान बॅग आणि पिशवीत ती मुकुटांची काचेची पेटी, लग्नानंतर पलंगावरच्या भिंतीला जन्मभरासाठी टांगतात ती, काढून आणलेली. आता तूच सांग, पेटी भिंतीवरून कुणी कधी काढतं का? तीच बघून मला कळायला हवं होतं. मी म्हटलं, अगं अपशकून असतो, पिशवीत काय घालून आणलीस. हे पहिलं वाक्य माझं. ये नाही, बस नाही, हे. ह्याच खुर्चीवर बसली, तू बसलीयस ना तिथंच. कोट काढला नाही. मी पण काढ म्हटलं नाही, कोट काढला तर राहायला आली असं झालं असतं. मसूर शिजत होते, वाढले तिला. चमचा डाव्या हातानं धरला. डावखुरी नाही माझी पोर. पाहिलं मी ते. तेव्हाच पाहिलं—आजवर कुणी विचारलं असतं तर म्हटलं असतं की नाही पाहिलं.

ती म्हणाली, आई, मी परत जाणार नाही. झालं, बाईंचा तास सुरू झाला. मला दुसरं येतंच काय? कुणी रडत आलं की लोक कुशीत घेतात, मी शब्द काढते. म्हटलं, पोली, तू त्याची बाजू आहेस. सुटं हाड असतीस तर म्हटलं असतं जा, हाड काय, निखळतं. पण अख्खी बाजू उठून गेली तर तो माणूस उभा कसा राहील? देवानं बांधलंय हे, बांधलंय, घरासारखं, घराची एक भिंत उठून चालू लागली असं ऐकलंयस कधी? माझ्याच तोंडून हे. ज्या शब्दांनी मी तुम्हा सगळ्यांची मान वर केली, त्याच शब्दांनी माझ्या पोरीला दारात अडवलं. आणि तीही कशी, मान खाली घालून ऐकत होती, वर्गात ऐकायची तशी. आणि मग मी... नेहमीची सवय गं... मी उठले आणि दाखवायला हात ठेवला तिच्या कुशीवर, कोटावरून, नेहमी ठेवते तसा, पसरून. काखेपासून कमरेपर्यंत.

ओरडली नाही. श्वास आत ओढला फक्त, आणि तो बाहेर सोडेना. टेबलाची कड धरली. आणि मी हात काढला नाही, थेओफानो. वाक्य अर्धं राहिलं होतं माझं. वाक्य पुरं केलं आणि मग काढला.

दुपारच्या बोटीनं मीच तिला सोडून आले. पेटी परत तिच्या पिशवीत घातली, वर्तमानपत्रात गुंडाळून, काच फुटू नये म्हणून. काचेची काळजी घेतली बघ मी. बोटीच्या शिडीवर तिनं एकच विचारलं, आई, त्या सगळ्या शब्दांत तिला, त्या बाईला, कुणी विचारलं होतं का, असं कुठं लिहिलंय? मी म्हटलं, बघून सांगते. खरंच तसं म्हटलं. आणि घरी येऊन खरंच पुस्तक काढून बसले. आदमला झोपवलं, बाजू काढली, तिथं पुन्हा मांस भरलं, बाई बांधली, त्याच्याकडे आणली, तो बोलला. ती नाही बोलली. कुणी विचारलं नाही. वीस वर्षं शिकवत होते ते मी, आणि माझ्या एकदाही लक्षात आलं नाही.

पुढं आणखी वर्षभर राहिली त्याच्याकडे. मग गेली. मला मेलबर्नहून एक पार्सल आलं, तेवढंच. आत कापसात तिचा मुकुट, एकटा. फीत कापलेली. आपल्यात फीत कधी कापतात ते तुला वेगळं सांगायला नको, दोघांतलं एक गेलं की कापतात आणि त्याचा मुकुट त्याच्याबरोबर शवपेटीत ठेवतात. स्तामातिस तर धडधाकट, रोज बंदरावर कॉफी पितो, मला बघून हात पण वर करतो. पोरगी तिकडे जिवंत आहे, देवाच्या कृपेनं. मग मेलं कोण म्हणून मी दोन दिवस तो मुकुट घेऊन बसले होते. मीच मेले होते गं तिच्यापुरती. नऊ वर्षं झाली. ईस्टरला फोन करते मी. वाजतो, वाजत राहतो.

आणि त्यानंतरही सांगत राहिले की नाही, लग्नाच्या पोरींना? राहिले. यायच्या, मागायच्या, बाई ते बरगडीचं सांगा—काय म्हणू? नाही म्हटलं तर का म्हणून विचारतील. पण तुझ्या पोरीला नाही सांगणार. ती गाडीत काच वर करून बसलीय, तिला मी नाही सांगणार. आणि ही फीतसुद्धा नाही बांधणार मी. राग मानू नकोस. कळतंय मला, पाहुण्यांना निरोप गेलेत, कोकरं सांगून झालीत, पाद्रीबाबांना शब्द दिलाय. सगळं कळतंय. रविवारी लोक काय म्हणतील—काय म्हणायचं ते म्हणोत, चार दिवस म्हणतील आणि टोमॅटोच्या भावाकडे वळतील. तिला एकदा विचार. फक्त विचार, गं. सांगू नकोस काही.

उठलीस? पाक तसाच राहिला. मुकुट राहू दे म्हणतेस. हो, बंदरावरच्या दुकानात तयार मिळतात, फीत बांधलेलेच मिळतात, ते काय अडणार आहे. माझ्यावाचून कुणाचं लग्न अडलंय? आणि—काय? तूच सांगशील तिला? हो. तू सांगू शकतेस. तुला माझ्याहून चांगलं येतं, शब्द न् शब्द. तोंड कसं आवरू तुझं, मीच घातलंय ते तुझ्या तोंडात.

थेओफानो. हात खाली घे. कुशीवर ठेवलायस तो, तुझ्याही लक्षात नाही आलं. मी शिकवलाय तो तुला. शब्द सांगायचे तर सांग, मी काय करणार, पण हात लावून दाखवू नकोस तिला. कुठल्या बाजूला दुखतंय, ते तुला माहीत नाही.

जा आता. दार ओढून घे, ऊन येतंय आत.