टेबल, खुर्ची, गोविंदअण्णा

तुमच्या ऑडिटचं काय कौतुक सांगता! साठ सालच्या सुमारास मी बेंगळुरात एका इस्पितळात कॅन्सरच्या पेशंटांच्या नोंदी ठेवायचो. अनुदान देण्याआधी तपासणीला एक सरकारी साहेब आले. त्यांची उभी नोकरी टेबलं-खुर्च्यांवर रंगवलेले नंबर ताडून बघण्यात गेलेली.

“नोंदीतले पेशंट दाखवा.”

“ते उपचार घेऊन घरी गेले, साहेब.”

“सरकारी नोंदीतलं बाहेर गेलंच कसं? निदान एक तरी दाखवा, नाहीतर अनुदान बंद!”

मी धावत बेंगळुरातलंच शिवाजीनगर गाठलं. तिथला गोविंदअण्णा शिंपी आमचा जुना पेशंट. बिचारा हातातली कात्री टाकून टांग्यात बसला.

साहेबांनी त्याला पुढून बघितलं, मागून बघितलं, वाकवून शर्टाची कॉलरसुद्धा उचलून बघितली.

“सरी, ठीक आहे, माणूस आणलात. पण याच्यावर नंबर कुठं रंगवलाय?”