जवारी अंड्यांची खानावळ

आमचं मूळ गडहिंग्लजकडचं, पण ते नुसतं सांगायला, माझा जन्म इकडचा, धारवाडजवळच्या उणकलचा. अप्पा दुर्गदबैलाच्या बाजारात धान्याची पोती उचलायचे, आई कोंबड्या पाळायची, आणि त्या दोघांच्या घरात मी बी.ए. झाले, धारवाडला जाऊन, घरातली पहिली, हे मी आजही मान वर करून सांगते. नोकरी काही लागली नाही. अप्पा गेल्यावर, नव्वद सालाच्या पुढची गोष्ट, घरातच खानावळ काढली आणि पाटी लावली, जवारी अंड्यांचं कालवण. जवारी म्हणजे गावठी, इकडं तसंच म्हणतात.

तेव्हा उणकल गाव होतं हो. तळ्याकडेला मोकळं रान, कोंबड्या दिवसभर किडे टोचत हिंडायच्या. अंडं लहान, पण बलक झेंडूसारखा. आई अंडी उकडायची नाही, रस्सा खळखळला की त्यातच फोडून सोडायची आणि झाकण टाकून हात लावायची नाही, अंडं जागच्या जागी घट्ट बसायचं. देशपांडे नगरातून माणसं स्कूटरवर यायची. एक निवृत्त मास्तर तर दर रविवारी. त्यांच्या घरी अंडं चालत नव्हतं. आईला म्हणायचे, अव्वा, आमच्या घरी बोलू नका हं, बायको समजते मी मठात बसलोय.

गिऱ्हाईक वाढलं, अंडी पुरेनात. आता माझी चूक ऐका. पंधरा-वीस अंडी घातली की कोंबडी खुडूक होते, घालायचं थांबवून बसून राहते. आई तिच्याखाली अंडी ठेवायची, पिल्लं निघाली की थोडी तळ्यापलीकडं मावशीच्या वस्तीवर पाठवायची, इकडं रोग आला तर तिकडं बियाणं राहावं म्हणून. मला ते सगळे दिवस फुकट वाटायचे. मी खुडूक कोंबडी उचलायची, गार पाण्यात बुडवायची, दोन-तीन दिवस असं केलं की खुडूक मोडते, पुन्हा घालायला लागते. आईही करायची कधी, पण एखादीला. म्हणाली, अगं समद्यांना नको बुडवू, चार तरी बसू देत. मी म्हणाले, तुला काय कळतंय, तू शाळेचं तोंड तरी बघितलंयस का. असं म्हणाले मी. आई भाकरी थापत राहिली.

दोन वर्षं चंगळ झाली. मग एका उन्हाळ्यात मानमोडी आली, माना वाकड्या होऊन आठ दिवसांत सगळ्या कोंबड्या गेल्या, आमच्या काय, शेजारपाजारच्याही. मावशीकडं पळत गेले, तर ती म्हणते, कुठली पिल्लं गं, आधीची कधीच संपली, दोन वर्षांत दिलीत कधी?

तरी पाटी काढली नाही. पोल्ट्रीची अंडी आणली, चहाच्या पाण्यात ठेवून तांबूस केली, टोपलीत बरी दिसावीत म्हणून. पण अंडी शिळी, रश्शात सोडली तर पांढरं फाटून दोरे दोरे. म्हणून उकडायला लागले. रविवारी मास्तर आले, अंड्याचे दोन भाग केले, आतला फिकट बलक बघितला. अक्का, इदु जवारी अल्ल, हे जवारी नव्हे. मी म्हणाले, आमचीच आहेत मास्तर. ते माझ्याकडं बघेनातच, आईकडं वळले, अव्वा, तुम्ही सांगा. आणि काय सांगू तुम्हाला, जन्मात कधी खोटं न बोललेली माझी आई, भिंतीकडं बघत म्हणाली, आमचीच हायत. मास्तरांनी ताट संपवलं, तिला नमस्कार केला, आणि पुन्हा कधी आले नाहीत.

त्या दिवसापासून आई चुलीपाशी आली नाही. दारात बसायची, गिऱ्हाईक दिसलं की उठून आत जायची, कुणी काही विचारू नये म्हणून. अशी चार वर्षं, आणि गेली. माझ्या तोंडून माफीचा एक शब्द निघाला नाही हो तिच्यापुढं, रोज मनाशी म्हणायची मी, आज बोलू.

आता रानाचे प्लॉट पडले, तळ्याकडेला बंगले झाले. पाटीवरचं जवारी मीच पत्र्यानं खरडून काढलं, ती गेल्यावर. नव्या घरांतली माणसं येतात, खातात, कुणी विचारत नाही. बरं, तुम्ही बसा, जेवूनच जा. अंडी पोल्ट्रीची आहेत, आधीच सांगते.