अर्धा निरोप

ऑपरेशन थिएटरबाहेर स्वेटर विणणाऱ्या बाईंचे कान शेजारच्या भावाबहिणीकडे होते, म्हणून टाके चुकत होते.

"बाबा आत, आणि तू लॅपटॉप काय बडवतोयस, दादा?"

"ॲप बंद पडतंय गं. पडद्यामागे चालणारं काम अर्धवट माहिती थेट स्क्रीनवर लिहितंय."

"मग लिहू दे की!"

"छे! काम पुरतं झालं की माहिती मुख्य थ्रेडच्या, म्हणजे स्क्रीन सांभाळणाऱ्याच्या, हातात द्यायची. स्क्रीनला हात फक्त त्यानं लावायचा."

दार किलकिलं झालं. वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, "तुमचे बाबा वर गेले..." आणि आतून हाक आली तशा वळल्या.

"दादा!"

लॅपटॉप फरशीवर आपटला.

मागोमाग सिस्टर आल्या. "दुसऱ्या मजल्यावर नेलंय त्यांना. शुद्धीवर आलेत, चष्मा मागतायत."

"दादा, तुझा तो नियम आधी मावशींना शिकव."