बारवेच्या रिकाम्या पायऱ्या

मंडळी, ऐका! आधी एक प्रश्न. ज्या झाडाचं फळ आपल्या तोंडी लागणार नाही, ते झाड माणूस का लावतो? पुण्यासाठी? नावासाठी? का डोकं फिरलंय म्हणून? — हसू नका! उत्तर देणारा एकही हात वर नाही, आणि हसताय!

तर ऐका. मराठवाड्यात कोरडगाव नावाचं एक गाव. गावाबाहेर जुनी बारव. खोल! तळाशी भर दुपारीसुद्धा अंधार. गावाची रीत अशी, की उन्हाळ्याच्या तोंडी बारवेतला गाळ उपसायचा. घरटी एक पायरी ठरलेली. ज्यानं त्यानं आपल्या पायरीवर उभं राहायचं, तोंड पाण्याकडे, पाठ वरच्याकडे. गाळाचं घमेलं खांद्यावरून मागं द्यायचं, मागच्यानं घ्यायचं. वळून बघायचं नाही — ताल तुटतो!

पण पुढं टँकर आला. रीत गेली, झरा बुजला. सरपंच दिगंबरराव ग्रामसभेत म्हणाले, "पाडव्यापर्यंत झरा लागला तर ठीक. नाहीतर बारव बुजवू, वर सभागृह बांधू."

पहिल्या दिवशी गाळ उपसायला सगळं गाव लोटलं. फोटो निघाले, पोहे झाले. दुसऱ्या दिवशी? फोटोही नाही, पोहेही नाहीत — मग माणसं कुठली!

उरली एकटी सोजरबाई. विधवा, मूलबाळ नाही. आता तुम्ही म्हणाल, साध्वी असेल. छे हो! अख्ख्या गावाशी भांडलेली बाई! गावानं सोडलं म्हणून हिनं धरलं. शेजारची कोंडाबाई वरून ओरडली, "सोजरे, पोर ना बाळ, कुणासाठी उपसायलीस गं?"

"तुझ्यासाठी तर नक्कीच नाही!"

खरं म्हणजे कुणासाठी, ते तिलाही ठाऊक नव्हतं. आणि मंडळी, तेच तिला खात होतं.

एका दुपारी थकून गेली. भरलेलं घमेलं सवयीनं खांद्यावरून मागं धरलं — आणि हात हलके झाले. कुणीतरी घेतलं!

"कोंडे, आलीस का?" फक्त आवाज. घमेलं वर चाललंय… या हातातून त्या हातात… त्या हातातून पुढच्या… आणि थोड्या वेळानं रिकामं घमेलं तिच्या शेजारी टेकलं. काठावर ओल्या गाळात बोटं उमटलेली. काही मोठी. काही इवलीशी.

वर आली तर बारवेच्या तोंडाशी गाळाचा ढीग!

गाव हादरलं. "भुतं हायेत! उपाशी पितर हायेत!" देवऋषी आला, उतारा काढला. पायरीपायरीवर दहीभात, लिंबू, गुलाल. दुसऱ्या दिवशी बघतात, तर भात जसाच्या तसा. मुंगीसुद्धा लागलेली नाही!

सोजरबाई पुन्हा उतरली. भीती वाटत नव्हती असं नाही. घमेलं मागं धरलं, ते गेलं. तेव्हा तिनं विचारलं, "कुणाच्या घरचे रे तुम्ही? भात का नाही खाल्ला?"

सगळ्या पायऱ्यांवरून एकदमच आवाज आला, अगदी हळू. "भूक नाही. तहान लागलीय."

"मेलात कधी?"

"आम्ही मेलो नाही. आम्ही अजून यायचोय."

मंडळी… त्या बाईला रडू फुटलं. जन्मभर जिला कुणी आई म्हटलं नाही, ती गाळात बसून ढसाढसा रडली. मग उठली, आणि भांडल्यासारखी उपसायला लागली!

हे कळल्यावर दिगंबरराव हसले. "काकू, ऊन डोक्यात चढलंय तुमच्या. दाखवतोच." पांढरी विजार वर दुमडली, उतरले, आपल्या घराण्याच्या पायरीवर उभे राहिले. सोजरबाईनं खालून घमेलं दिलं. त्यांनी चेष्टेनं खांद्यावरून मागं धरलं.

हात हलके झाले. आणि कानाशी, अगदी कानाशी —

"आजोबा, पाणी."

त्यांचा मुलगा अजून शाळेत होता, मंडळी! नातवाचा पत्ता नाही! दिगंबरराव वळले. मागं रिकामी पायरी. संध्याकाळी घरोघर गेले, आणि एवढंच म्हणाले, "उद्या आपापल्या पायरीवर या. तिथं दुसरं कुणीतरी उभं आहे."

आले सगळे! जिवंत माणसांनी पायऱ्या भरल्या, तसे ते न दिसणारे हात थांबले. पाडव्याच्या आदल्या दिवशी सोजरबाईच्या पायाखाली गार लागलं. झरा! ती लगेच ओंजळ भरून प्यायली नाही. आधी पायऱ्यांवर शिंपडलं, मग प्यायली.

आता सांगा, माणूस का करतो? फोटोचा माणूस फोटोपुरता टिकतो, भ्यालेला उताऱ्यापुरता. टिकतो तो, ज्याला न आलेल्याची तहान ऐकू आली. बाकी मला काही कळत नाही बुवा!

पण एक दिसतंय. मघापासून या मंडपात पाण्याचे पेले फिरतायत. अर्धे प्यालात, अर्धे सतरंजीकडेला ओतलेत. कुणी प्यायचं होतं ते पाणी? — का, आता हसू येत नाही? बरं. घ्या टाळ हातात, नाव घ्या देवाचं. पण हळू वाजवा मंडळी. कुणी पाणी मागितलं, तर ऐकू आलं पाहिजे.