एका काडीची हलगी

— आवं थांबा की पैलवान, उठताय कुठं, नुसतं पाकीट बघून माघारी ठेवलीसा तबकडी, ऐकली कुठं अजून — बसा. चहा घ्या, निवतोय. कर्णं दोन देतो, मशीन देतो, बॅटरी देतो, त्याची काळजी सोडा. पण कर्ण्यावर लावायला हलगी पायजे म्हणालासा न्हवं? बरोबर हाय, हलगी न्हाई तर पैलवानाच्या अंगात कुस्ती शिरतच न्हाई, आन् तुमच्या गावात आता वाजवणारं कोण ऱ्हायलं न्हाई, म्हणून जत्रंच्या फडासाठी तबकडीवरची हलगी हुडकत कोरेगावपतोर आलासा. मंग हीच घ्या. दुसऱ्या हायत की, ढीग पडलाय मागं, वरातीतल्या, लग्नातल्या, सगळ्या गोडमिट्ट — त्या ऐकून कोण शड्डू ठोकंल? थांबा, सुई ठेवतो. एक बाजू ऐका, मंग बोला.

जालिंदर म्हणून एक हाय आमच्यातला, त्याची हाय ही. गाणी त्यानंच बांधल्याली, चाल त्याचीच, हलगी त्याचीच. पेटी न्हाई, कोरस न्हाई, काय न्हाई. मुंबईच्या एका कंपनीनं काढली आन् हात पोळल्यागत सोडून दिली, गठ्ठं जसंच्या तसं माघारी आलं. साताऱ्यात एक दुकानदार मला तोंडावर म्हणला, ह्याला गाणं म्हणत्यात व्हय, हे भांडाण हाय. म्या म्हणलं भांडाणच हाय, तुला कुणी सांगितलं भजन हाय म्हणून? — ऐका, ऐका आता. आवाज बघा कसा, खरवडल्याला. मधी खाकरला ते ऐकलंसा? कंपनीवालं ते काढाय निघालं हुतं, तर हा म्हणला, ते काढलंसा तर मला बी काढा. असला माणूस. त्याच्यासारखं गाणारं म्या हिकडं सांगलीपतोर दुसरं ऐकलं न्हाई, आन् तरी कुणी ऐकत न्हाई त्याला. राग येतो मला. लय राग येतो.

आता हलगीवर ध्यान द्या. तुमी फडात वाढलासा, तुमाला कळंल. कायतरी चुकतंय असं वाटतंय न्हवं? व्हय. हलगीला दोन काड्या लागत्यात — डाव्या हातात बारीक काडी, उजव्यात जाड टिपरं. हितं बारीक काडीच वाजतीया. हं — हितं, ह्या जाग्याला टिपरं पडायचं हुतं. काय न्हाई. गप. परत काडी, काडी, काडी, आन् परत गप. कंपनीचा मास्तर म्हणला, दुसरा माणूस बसवू, भरून काढू. जालिंदर म्हणला, मोकळीच ऱ्हाऊ दे, ती माझ्या उजव्या हाताची जागा हाय.

हात कुठं गेला म्हणताय? सांगतो की. पाय का हलवाय लागलासा, बसा. आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली तवापास्नं जत्रंतली हलगी सोडली, हे तुमाला बी ठावं हाय. बंगालचं युद्ध झालं, त्याच्या फुडच्या चैतात गावानं सांगावा धाडला, जालिंदर चांगला वाजवतो, त्यानं फडात आलं पायजे. हा म्हणला, माझ्या मनानं माझ्या दारात रातध्याड वाजवीन, हुकमानं काडी उचलणार न्हाई. बस, एवढंच बोलला. चौघं आलं तालमीतलं. केसाला धरून फरफटत नेला, लाल मातीत पालथा पाडला, एकानं खांद्यावर गुडघा दिला आन् हात उलटा फिरवला. पैलवानाला कुठं शिकवाय लागतं, हात कुठल्या बाजूला मोडतो ते? कुस्तीत निदान पंच तरी मधी पडतो. आई सांगती, वाळकी तुरकाटी मोडल्यागत आवाज आला, आन् मंग त्याच मोडक्या हातात टिपरं कोंबलं त्यांनी — वाजव म्हणले. हाड बाहीतनं भाईर आल्यालं, आन् वाजव म्हणत्यात. गाव बघत हुता. हात काळा पडला, मिरजंला नेला, तिथं कापला.

मला एवढं कसं ठावं? त्यो माझा धाकटा भाऊ हाय. — हां. हे एवढ्यात सांगायचं न्हवतं मला. पण झालं. मी पलटणीत हुतो तवा, युद्धात अनोळखी माणसं मारल्याली, त्याचा बिल्ला बी दिला सरकारनं, आन् ज्यास्नी मारायचं ते हितं चैत साजरा करत हुतं. सुट्टी घिऊन आलो, कोयता काढला, निघालो. हा दारात आडवा बसला आन् गाऊ लागला. थोटका हात असा वर धरून. आईच्या पायावर हात ठिवाय लावला मला — मी गातोय तवर तू कुणाच्या अंगाला हात लावायचा न्हाई. मला तर वाटतं, तबकडी त्यानं मला बांधून घालायलाच काढली. म्हणून दिवसभर लावतो दुकानात. गिऱ्हाईक वैतागतं. ही वाजतीया तवर मी माणसात असतो.

थांबा, आता हे ऐका, ह्या बाजूचं शेवटचं गाणं —

*चैताच्या मातीत हात पेरला माझा,*
*सांग हंबीर गड्या, काय उगवलं?*

ऐकलंसा न्हवं नाव? मघा ऑर्डर देताना तुमी तेच सांगितलंसा, हंबीरराव. गाव बी तेच, आमचं. कान मोडल्यालं पैलवान छप्पन असत्यात, पण ते नाव, ते गाव, आन् वर हलगी मागाय माझ्या दारात. नका, दाराकडं नका बघू, फळ्या मघाच लावल्यात म्या. ही दांडी कर्ण्याची हाय, लोखंडी. हातात हाय म्हणून हाय.

आन् चहा. चहा कुणी आणून दिला तुमाला? कपबशी डाव्या हातानं ठेवली त्यानं तुमच्याफुडं, उजवी बाही खिशात खोचल्याली. तुमी मान वर केली न्हाईसा. त्यानं वळखलं तुमाला, आन् वळखून चहात साखर घातली. मला न्हाई जमलं असतं.

घाम पुसा. गाणं संपत आलंय. आता नुसती काडी हाय, मंग ती बी थांबंल, मंग खरखर, मंग सुई माघारी. मी आईच्या पायावर बोललोय, वाजतीया तवर. फुडचं मी कुणाला बोललो न्हाई. तुमच्या फडात हा वाजणार न्हाई, पैलवान. तवा न्हाई म्हणला हुता, आता बी न्हाईच हाय. काडी थांबली बघा. उठा. उठा म्हणतो, उभं ऱ्हावा, बसल्याल्या माणसाला मी —

जालिंदर, तू भाईर कशाला आलास? आत जा. ऱ्हाऊ दे ती सुई. जालिंदर, सोड म्हणतो सुई —

...

परत पहिल्यापास्नं लावली त्यानं.

जावा, हंबीरराव. ती डाव्या हाताची फळी काढा आन् जावा. वाजतीया तवर जावा.