कोलंबोला गेलेला भेट अंक

हॅलो?... हो, नलिनीच. बोल, श्यामकांत... मिळाला रे अंक. मुलुंडला दुपारीच येतो... हो, हो, वाचला. पहिल्याच पानावर, ‘आमच्या कोलंबोच्या लेखकावर भ्याड हल्ला’. झकास. चौकट पण किती जाड टाकलीस!

नाही, खूश नाहीये मी... अरे, ऐक ना! सिवपालनचा फोटो पुन्हा कशाला छापलास?

निषेधाला फोटो लागतो?... आणि मे महिन्यात कशाला लागला होता? त्याच्या लेखाचं भाषांतर दिलं तेव्हा वर लाल शाईनं लिहिलं होतं मी, नाव छापू नये. तिकडे यादवी पेटलीय, तमिळ पत्रकार दिसला की मारतात... माहीत होतं ना तुला? मग?

...मान! म्हणे लेखकाचा मान! आणि वर भेट अंक. दिवाळीचा फराळ पाठवावा तसा कोलंबोला त्याच्या घरी पाठवलास. बुकपोस्टानं, उघडाच...

काय? तिकडे मराठी कोण वाचतं? अरे, फोटो ओळखायला मराठी कशाला यायला हवं? सहा जण घरात घुसले ना, त्यांच्या हातात आपलंच साप्ताहिक होतं. त्या पानाचा बोळा करून त्याच्या तोंडात कोंबला. मग उजव्या हाताची बोटं मोडली. एकेक करून... त्याच्या बायकोनं लिहिलंय, मी नाही रचत.

रडत नाहीये... रागावलेय. तुझ्यावर, आणखी कुणावर?

बरं, माफी नंतर माग. आधी एक कर. तुमच्या अंक पोस्टात टाकणाऱ्या दशरथला सांग, हा अंक तिकडे पाठवायचा नाही. पोस्टाच्या वहीतनं सिवपालनचं नावच खोडून टाक म्हणावं...

काल? कालच टाकला?... ज्याचं नाव छापलं त्याला अंक जातो, ठाऊक आहे मला तुमचा नियम!... थांब, थांब. जुन्याच पत्त्यावर ना? मग जाऊ दे. त्या घरात कुणी नाहीये आता. दोघंही दुसरीकडे लपलीत...

म्हणजे?... नवा पत्ता? तो दशरथला कुठून मिळाला? मलासुद्धा माहीत नाहीये तो...

कुठलं पाकीट?

...हो. बायकोचं पत्र. तुला वाचायला मीच पाठवलं होतं. पाकिटासकट... मागे लिहिला होता तिनं?

...नाही. मी उलटून बघितलंच नाही.

दशरथला ओरडू नकोस. पत्ता बदलला, त्यानं वहीत बदलला. त्याचं कामच आहे ते... नाही रे, टपालाची थैली केव्हाच गेली असणार...

हो, तार करते. पाकिटावरचा तो पत्ता वाच, लिहून घेते... आत्ताच निघते. ‘घर सोडा’, एवढंच... आता कुठे जातील, मला काय विचारतोस? त्याला तर अजून स्वतःच्या हातानं शर्टाचं बटण लावता येत नाहीये.

नाही, घाबरू नकोस, तुझं नाव नाही घालत. माझं घालते. कुणामुळे पुन्हा पळायचं, ते कळू दे त्या बाईला... ठेवते.