अण्णांचे दोन हौद

आमच्या अण्णांचं काय झालंय सांगू? घरात आम्ही मराठीच बोलतो, पण हुबळीत धंदा करून करून या थोरल्या भावाच्या तोंडी ‘हो’च्या जागी कन्नड ‘हौद री’ बसलंय.

आम्ही हुबळीजवळच अमरगोळला पंप बनवतो. नव्या पंपातून पाणी वर चढेना, माल अडकला. तेवढ्यात सरकारी प्रयोगशाळेनं पाण्याच्या प्रवाहाचं गणित करणारं आपलं सॉफ्टवेअर खाजगी कारखान्यांना द्यायला काढलं, आणि ते बसवून द्यायला पुण्याच्या एक शास्त्रज्ञ बाई आल्या. त्यांना अण्णांपाशी बसवून मी चहा सांगायला गेलो.

बाईंनी विचारलं, “पाणी खालून येतं?”

“हौद री.”

“आणि वर जातं?”

“हौद री.”

मी परत येतो तर बाईंच्या लॅपटॉपच्या पडद्यावर पंपाच्या खाली एक हौद, वर एक हौद. बाई विचारात पडलेल्या.

म्हटलं, “मॅडम, हौद कुठलेच नाहीत. कन्नडमध्ये ‘हो’ म्हणतायत ते.”

बाईंनी चष्मा पुसला आणि शांतपणे अण्णांकडे वळल्या. “म्हणजे दोन्ही काढून टाकू?”

अण्णा ओशाळून म्हणाले, “हौद री.”